डेव्हिएशनवर पास

दुकानात ट्रेडमिल चालवून दाखवतात. मी ती थांबवून बघायला गेले होते, आणि नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या पहिल्याच शोरूममध्ये तेवढ्यावरून वाजलं.

विक्रीचा पोरगा बोलका होता. पट्टा ताशी सहा किलोमीटरवर सोडून त्याने ब्लूटूथवर गाणं लावून दाखवलं, पंखा दाखवला, पाण्याच्या बाटलीची जागा दाखवली. मी म्हटलं, "बाळा, आता ती लाल चावी ओढ बघू." (ही चावी चुंबकाने मशीनला चिकटते आणि दोरीने चालणाऱ्याच्या कपड्याला अडकवतात. माणूस पडला की ती ओढली जाऊन निघते आणि पट्टा थांबतो.) तो हसला. ओढायला चावी होतीच कुठे? चावीच्या जागी एक गोल चुंबक सेलोटेपने चिकटवून ठेवला होता. "डेमो पीस आहे ना काकू, चावी सारखी हरवते." बरं, मग भिंतीवरचं बटण बंद कर. "असं डायरेक्ट नाही करायचं काकू, बोर्ड उडतो."

आमच्याकडे पावसाळ्यात लाइट आठवड्यातून दोनदा तरी जाते, तीही आम्हाला न विचारता. बटण बंद केल्यावर ज्याचा बोर्ड उडतो ते मशीन घरात आणून काय करू? आम्ही बाहेर पडलो.

सातपूर एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये मी सव्वीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. पत्र्याचे पार्ट यायचे, मी कडेवरून बोट फिरवून बर, म्हणजे कापलेल्या पत्र्याची उरलेली बारीक धार, शोधायची, व्हर्नियर लावून माप घ्यायची, आणि मग पास नाहीतर रिजेक्ट. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी सवय जात नाही. पर्समध्ये तीन मीटरचा टेप असतोच. या खरेदीसाठी त्यात एक जुना नायलॉनचा मोजा टाकला होता, त्याचं काम पुढे सांगते. अशा वेळी आमचे हे माझ्यापासून चार पावलं लांब उभे राहतात, ओळख नसल्यासारखे.

ट्रेडमिल मात्र त्यांच्यासाठीच. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट टाकला. नंतर डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट करून रोज अर्धा तास न थांबता चालायला सांगितलं. एरवी सोमेश्वरच्या बाजूला फेरी व्हायची. गेल्या श्रावणात पहाटे कुत्रं मागे लागलं, हे पळाले आणि ओल्या रस्त्यावर गुडघ्यावर पडले. वय ६७, वजन ८४ किलो. तेव्हा मुलगी म्हणाली, घरात मशीन घ्या. तिचा मुलगा पावणेचार वर्षांचा आहे, दिवाळीत आणि मे महिन्यात आमच्याकडेच असतो. म्हणजे या मशीनला दोन गिऱ्हाइकं. एक वर चालणार आणि दुसरं खाली हात घालणार. मी दुसऱ्याला धरून तपासत होते.

जावयांचा फोनवर सल्ला असा, की आई, सरळ महागातलं घ्या म्हणजे सेफ असतं. त्यांना मी पेलोटनची गोष्ट सांगितली. या अमेरिकन कंपनीची ट्रेड प्लस ही ट्रेडमिल चार हजार डॉलरच्या वर किमतीची. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने पालकांना इशारा दिला, की घरात लहान मुलं असतील तर ही वापरू नका. कंपनी आधी आयोगाशीच भांडली, आणि ५ मे २०२१ ला सव्वा लाख मशीन परत बोलावली. तोवर मोठी माणसं, मुलं, पाळीव प्राणी नाहीतर वस्तू मागच्या बाजूने खाली ओढल्या गेल्याच्या ७२ तक्रारी जमा झाल्या होत्या, आणि सहा वर्षांचं एक मूल दगावलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीला एक कोटी नव्वद लाख डॉलरचा दंड झाला. जावई म्हणाले, बरं, तुम्हीच बघा.

मागच्या बाजूने का, ते एकदा मागे उकिडवं बसून बघितलं की समजतं. पट्टा वरून मागे येतो, मागच्या रोलरला वळसा घालतो आणि खालून पुढे जातो. म्हणजे त्या टोकाला पट्ट्याची ओढ खाली आणि आत अशी असते. तिथे चेंडू गेला, ओढणी गेली, हात गेला, की पट्टा त्याला फ्रेमखाली नेतो. पुढून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, आणि दुकानात मशीन भिंतीकडे पाठ करूनच मांडलेली असतात. मी प्रत्येक ठिकाणी "जरा पुढे ओढा" म्हणत होते. दुसऱ्या दुकानातल्या एका स्वस्त मशीनला मागच्या कोपऱ्यातली प्लॅस्टिकची टोपी आणि पट्टा यांच्यात माझी करंगळी आरामात गेली. बंद मशीनवर बघितलं, चालू असताना असले उद्योग करायचे नाहीत. पावणेचार वर्षांच्या मुलाची तर दोन बोटं जातील.

नायलॉनचा मोजा इथे कामाला येतो. हातात चढवायचा आणि फ्रेमच्या खालच्या कडा, चाकांच्या जवळचा पत्रा, हँडलचे वेल्डिंग, घडी होते तिथला सांधा, सगळीकडून हलका फिरवायचा. जिथे बर आहे तिथे धागा अडकतो. आपल्या हाताला लागत नाही इतकी बारीक धारसुद्धा मोज्याला कळते. त्याच मशीनच्या चाकाजवळ मोज्याचा धागा निघाला, तो मी विक्रेत्याला दाखवला. तो म्हणाला, "तिथे कोण हात लावतं?" मशीन घडी करून सरकवायचं म्हटलं की तिथेच हात लागतो.

आता मोटरबद्दल. ऑनलाइन बघताना आणि दुकानातही ढोल वाजतो तो हॉर्सपॉवरचा. "४ एचपी पीक!" हे पीक म्हणजे मोटर क्षणभर गाठते तो आकडा. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. चार म्हणजे जवळजवळ ३००० वॅट, आणि आपल्या २३० व्होल्टवर त्याला तेरा अँपियर लागतात. असा आकडा मिरवणाऱ्या एका मशीनला पिन कुठली होती? साधी ६ अँपियरची, जिच्यातून जास्तीत जास्त १३८० वॅट घ्यायचे. मग मी रेटिंग प्लेट शोधली. ही एक छोटी चांदीसारखी पट्टी असते, बहुतेक वेळा जिथे वायर आत जाते तिथे, आणि तिच्यावर खोटं लिहायला सहसा कोणी धजत नाही. तिच्यावर लिहिलं होतं ९०० वॅट. म्हणजे सगळीच्या सगळी वीज मोटरला मिळाली, काहीच वाया गेली नाही, असं धरलं तरी सव्वा एचपीच्या आतच. चार कुठून आले?

मोटर लहान असली तर बिघडलं काय, फार तर जळेल, असं वाटेल. पण त्याआधी ती अडखळते. वजनदार माणूस हळू चालत असला की प्रत्येक पावलाला पट्टा किंचित अडतो आणि पुन्हा पुढे सरतो. तरुण माणूस तोल सावरून घेतो. ६७ वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला तो झटका पुरतो. म्हणून चाचणी जोरात पळवून घेऊ नका, उलटी घ्या. घरातल्या सगळ्यात जड माणसाला ताशी दोन किलोमीटरवर, पाय दाबून चालायला लावा. यांना मी लावलं. ९०० वॅटच्या मशीनवर ते दोन मिनिटांत म्हणाले, "बैलगाडीत बसल्यासारखं वाटतंय."

तिसऱ्या ठिकाणी वॉकिंग पॅड दाखवलं. चपटं, हलकं, पलंगाखाली सरकतं, किंमतही निम्मी. धरायला दांडाच नाही, तर यांच्यासाठी तिथेच बाद. पण त्याहून मला खटकला तो रिमोट. मी पॅडवर एक पाय ठेवून वाकून लेबल वाचत होते आणि मालकाने पलीकडच्या काउंटरवरून कौतुकाने बटण दाबलं. तीन आकडे मोजून पट्टा सुरू! मी काढला पाय वेळेवर. ज्या घरात टीव्हीचा रिमोट नातवाच्या हातून सुटत नाही तिथे हा दुसरा रिमोट कशाला? तरुण माणूस टेबलापाशी उभा राहून काम करत हळूहळू चालणार असेल, घरात मूल नसेल, तर त्याचं त्याने बघावं.

जिथे घेतली ते दुकान द्वारका सर्कलकडे, छोटं, कळकट, आणि मालक एकटाच. दुकानाचं आणि मशीनचं नाव लिहीत नाही, कारण मशीनच्या नावाला फार अर्थ नाही असं माझं मत झालंय. तीच फ्रेम, तेच हँडल, तेच बटणांचं पॅनल मी दोन दुकानांत दोन वेगळ्या स्टिकरखाली पाहिलं, साडेसहा हजारांच्या फरकाने. आयात करणारे वेगळे, एवढंच. म्हणून खोक्यावरचं लेबल वाचावं. आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं, महिना-वर्ष, तक्रारीचा नंबर, हे छापलेलं असायला हवं, तो कायदाच आहे. मी तो नंबर दुकानात उभी राहूनच लावला. तिसऱ्या रिंगला माणूस बोलला, नाशिकला टेक्निशियन कोण आहे तेही सांगितलं. पहिल्या शोरूमच्या मशीनचा नंबर "अस्तित्वात नाही" म्हणाला होता.

मालकाला मी विचारलं, "चावी ओढून बघू?"

"ओढा की."

त्यांनी स्वतःच पट्टा सहावर नेला. मी चावीचा क्लिप ओढणीला लावला आणि दोन पावलं मागे झाले. चावी निघाली, वीज तुटली, रिकामा पट्टा क्षणभर घरंगळून थांबला. मग लाल बटणाने थांबवून पाहिलं. तो चार-पाच सेकंदांत वेग उतरवत हळू थांबतो, तसंच हवं. शेवटी भिंतीवरचं बटण चालू पट्ट्यावर बंद केलं. मालक काही बोलले नाहीत, फक्त चहाचा कप खाली ठेवला. पुन्हा चालू केल्यावर दिवे लागले, पट्टा जागेवर. स्टार्ट दाबल्यावर ताशी एक किलोमीटरने सुरू झाला, आधीच्या सहाने नाही. बोर्डही उडाला नाही. ही तीन थांबणी ज्या दुकानात करू देत नाहीत तिथून पुढे चालायला लागावं.

मग हे चढले. मशीन बंद, दोन्ही पाय कडेच्या पट्ट्यांवर, हँडल धरून डावीकडे-उजवीकडे झुलायला सांगितलं. वरचं पॅनल थोडं हललं, पाय जागचे हलले नाहीत. खोक्यावर वजनमर्यादा १२० किलो छापली होती. मी माहितीपुस्तिका मागितली, तिच्यात १०० किलो! दोन आकडे असले की मी लहान धरते. ८४ ला १०० म्हणजे सोळा किलोची मोकळीक, चालेल. त्याच पुस्तिकेत "ईएन ९५७, वर्ग एचसी" असं लिहिलेलं सापडलं. ते युरोपातलं एका जागी ठेवून वापरायच्या व्यायामयंत्रांचं मानक. आता त्याची जागा आयएसओ २०९५७ ने घेतली आहे. एच म्हणजे घरगुती वापर, जिम-स्टुडिओसाठी एस असतं. सी म्हणजे अचूकता सगळ्यात खालच्या दर्जाची. म्हणजे पॅनलवरचे किलोमीटर आणि कॅलरी ब्रह्मवाक्य मानू नयेत, हे कंपनीने स्वतःच लिहून दिलंय, फक्त दोन अक्षरांत. आणि ते सीई? त्या शिक्क्याला आपल्याकडे फार मान आहे. बहुतेक वस्तूंवर तो बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, दुसऱ्या कोणी तपासलंय असा त्याचा अर्थ नाही. त्यामुळे सीई दिसलं म्हणून मोजा पर्समध्ये ठेवू नये.

किंमत खोडून ७९,९९९, आम्हाला ३९,५००. खोडलेल्या किमतीवर आजवर कोणी घेतलंय का, देव जाणे.

जागेचं गणित घरून करून नेलं होतं, ते मात्र चुकलं होतं. मी मशीनची लांबी तेवढी धरली होती. पुस्तिकेत लिहिलं होतं, मागे दोन मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मोकळं हवं. मालक म्हणाले, "एवढं कोण ठेवतं काकू, भिंतीला लावून टाका." घरी येऊन कागदावर बसले. हे ताशी साडेचार किलोमीटरने चालतात, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर. पट्टा आहे एक मीटर वीस. पाय सटकला तर माणूस एका सेकंदात मागच्या टोकाला. तिथे मोकळी फरशी असेल तर खरचटून उठेल. भिंत असेल तर माणूस भिंत आणि चालत्या पट्ट्याच्या मध्ये सापडेल, आणि पट्टा चालूच. ते दोन मीटर उगाच लिहिलेले नाहीत.

आमची मागची खोली दहा बाय बारा. बारा फूट म्हणजे ३६५ सेंटीमीटर. उघडलेलं मशीन १६०, मागे २००, बेरीज ३६०. पाच सेंटीमीटर उरले! त्यासाठी सासूबाईंच्या वेळचा दिवाण हलवावा लागला, आणि त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहायची गरज नाही. तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे आली. दार उघडलं की मूल थेट मागच्या टोकाशीच येणार, हे लक्षात आल्यावर दाराला आतून वर कडी लावून घेतली. माळ्याची उंचीही बघा. माणूस पट्ट्यावर पंधरा-वीस सेंटीमीटर उंच होतो.

विजेचं एक राहिलं. या मशीनची प्लेट १३०० वॅट सांगते, म्हणजे साडेपाच-पावणेसहा अँपियर, ६ च्या सॉकेटच्या अगदी काठावर. पिन १६ ची दिली आहे, ते बरोबरच. त्या खोलीत १६ चं सॉकेट नव्हतं. मालकांचा सल्ला: "कन्व्हर्टर लावा, पन्नास रुपयांत मिळतो." इस्त्रीला, गिझरला लोक लावतात आणि वितळलेलं प्लॅस्टिक मी पाहिलंय. एक्स्टेंशन बोर्डही नको, त्याची वायर पायात येते ती वेगळीच. आमच्या वायरमनने वेगळी वायर टाकून १६ चा पॉइंट काढला, आयएसआय शिक्क्याचा, आणि अर्थिंग तपासलं. ते तपासल्यावर कळलं की त्या खोलीत अर्थिंगची वायर तिसऱ्या पिनपर्यंत आलेलीच नव्हती. १९९८ चं बांधकाम आहे, इतकी वर्षं तिथे टेबलफॅन लावत होतो. मेनला ३० मिलिअँपियरचं आरसीसीबीही (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) बसवून घेतलं. एकूण ४,२०० रुपये. मशीनच्या किमतीत हे कुणी धरत नाही.

डिलिव्हरी वेळेवर झाली, दोघांनी दुसऱ्या मजल्यावर आणलं. जोडणारा मुलगा दुसऱ्या दिवशी आला आणि पंचवीस मिनिटांत "झालं काकू" म्हणाला. मी त्याच्याकडून अॅलन की मागून घेतली. उभ्या दांड्यांच्या आठ बोल्टपैकी दोन हातानेच फिरवून सोडलेले, आणि एकाला वॉशर नव्हता. वॉशर खोक्याच्या तळाशी पिशवीत निघाला. तो मुलगा बिचारा ओशाळला, दिवसात सात ठिकाणी जायचं असतं म्हणाला. बोल्ट आवळल्यावर पॅनल दुकानातल्यासारखं हलेना. म्हणजे डेमो पीसही तसाच जोडलेला होता! जोडणी होताना समोर बसा, आणि महिन्याने पुन्हा एकदा सगळे बोल्ट बघा. माझे दोन पाव आट्याने सैल निघाले.

माझा पुतण्या हे सगळं ऐकून हसला. त्याने दाराच्या चौकटीत पुलअप बार लावलाय, दोन्ही टोकांना रबर, फिरवून घट्ट करायचा. नुसत्या दाबावर टिकलेला. त्याची चौकट ग्रॅनाइटची, पॉलिश केलेली. लटकून बघितलंस का हळू, असं विचारलं तर म्हणे, डायरेक्ट पाच मारले. सहाव्याला तो खाली आला, कंबर आठ दिवस धरली. आता भिंतीला पक्का बसवणार म्हणतो. त्याच्या नव्या सोसायटीत भिंती सायपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या आहेत. त्यात साधा फास्टनर ठोकला तर मैद्यात खिळा ठोकल्यासारखा, एक-दोन महिने धरेल आणि झोक्याने सुटेल. त्याला म्हटलं, आरसीसी बीम शोध, नाहीतर आरपार बोल्ट आणि मागून पट्टी. बघू काय करतो. त्याच्याकडचा व्यायामाचा रबर बँडही मी ओढून पाहिला. खिडकीत उन्हात ठेवून त्याला बारीक चिरा पडल्या होत्या. तो तुटला तर सरळ डोळ्यावर येतो. कात्रीने तिथेच कापला, म्हणजे पुन्हा वापरायला नको. वजनं बदलता येणाऱ्या डंबेल्सचाही त्याला मोह आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेत बोफ्लेक्सच्या असल्या ३८ लाख डंबेल्स परत बोलावल्या, वापरताना चकत्या सुटून पडत होत्या म्हणून. तेव्हा उचलण्याआधी कुठलीही असो, खटका बसला का ते जमिनीलगतच हलवून बघायचं, डोक्यावर नेऊन नाही.

आमच्या मशीनला आता साडेतीन महिने झाले. हे रोज पहाटे चालतात. चांगलं आधी सांगते. पट्टा अडखळत नाही, आवाज खालच्या मजल्यावर जात नाही (मी जाऊन ऐकून आले), आणि दोनदा लाइट गेली तेव्हा ते हँडल धरून आरामात उतरले.

आता कमी. हँडलवर हात ठेवून नाडी दाखवणारं जे आहे, ते निव्वळ शोभेचं. त्याने १४३ दाखवले तेव्हा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर नाडीचे ठोके ९२ होते. हृदयाच्या पेशंटच्या घरात असला आकडा नसलेला बरा. पहिल्या दिवशी हे घाबरून खालीच बसले. त्यावर मी काळी चिकटपट्टी लावली. दुसरं, घडी केल्यावर जो खटका बसतो तो पायाने दाबून सुटतो. खाली येताना पिस्टन धरतो, धाडकन पडत नाही, पण मूलही पायाने दाबू शकेल हे दुकानात माझ्या डोक्यात आलं नाही. ही माझी चूक. आता घडीभोवती सूटकेसचा पट्टा आवळून ठेवते. तिसरं म्हणजे चावीची दोरी. ती हवीच, क्लिप कपड्याला लावल्याशिवाय मी यांना चढू देत नाही. पण तीच दोरी मशीनला लोंबत राहिली तर मुलासाठी फास. माईक टायसनची चार वर्षांची मुलगी २००९ मध्ये ट्रेडमिलच्या लोंबत्या दोरीत अडकूनच गेली. त्यामुळे चालणं झालं की चावी दोरीसकट निघते आणि देवघरावरच्या खुंटीला जाते.

कारखान्यात एखादा लॉट ड्रॉइंगला तंतोतंत नसला, पण वापरण्याजोगा असला, तर इंजिनिअर अटी लिहून सही करायचे. त्याला आम्ही डेव्हिएशनवर पास म्हणायचो. ही ट्रेडमिल तशी पास केली आहे. अटी एका कागदावर लिहून पॅनलजवळ चिकटवल्यात: क्लिप लावल्याशिवाय स्टार्ट नाही, नातू घरात असताना दाराला कडी, घडीला पट्टा, महिन्याला बोल्ट, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सिलिकॉन तेल. खाली माझी सही आहे. यांनीही केली, हसत हसत.

दुकानाला पाचपैकी साडेतीन देईन. थांबवून बघू दिलं, खोटं फारसं बोलले नाहीत, बिल जीएसटीचं दिलं. अर्धा कन्व्हर्टरच्या सल्ल्याचा कापला. उरलेला एक चावीचा.

सुटी चावी घरात एक जादा असावी म्हणून मी साडेतीनशे रुपये भरून मागवली, त्याला आज चोवीस दिवस झाले. रोज "उद्या येते काकू." परवा मालकांनीच उपाय सुचवला. म्हणाले, "तोवर एखादा चुंबक लावा ना, फ्रिजवरचा पण चालतो."